सासूबाईंच्या नावासाठी कोर्ट गावात आलं

आमच्या गावात फेडरल कोर्ट माझ्या सासूबाईंसाठी आलं, असं मी म्हटलं की नवरा हसतो. त्याचं बरोबरच आहे. ते कोर्ट इथल्या वकिलांनी खटपट करून आणलं, हेलपाट्यांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी आणलं, वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला पत्रं पाठवणाऱ्या चिवट म्हाताऱ्यांनी आणलं. सासूबाईंना त्यातलं काही ठाऊकही नव्हतं. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही.

गाव टेक्ससमधलं, एका कॉलेजभोवती वाढलेलं. हॉस्पिटल आहे, दोन इंडियन ग्रोसरी आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे आणि मंडळात रीतसर भांडणंही आहेत. चौकात काउंटीचं घुमटवालं कोर्ट आहे, पण तिथे चालतात ते घटस्फोट, चोऱ्या आणि कुंपणांचे वाद. देशाच्या कायद्यातलं काही काम निघालं की गाठायचं ते फेडरल कोर्ट, आणि ते होतं शहरात, तीन तासांच्या ड्राइव्हवर. ज्यूरीचं बोलावणं आलं की इथली माणसं अंधारातच निघायची, नाहीतर आदल्या दिवशी जाऊन मोटेलात राहायची. आमच्या शेजारच्या बाईंनी एका खटल्यापायी दोन आठवडे मोटेलातली कॉफी प्यायली होती, आणि त्या अजूनही गुन्हेगारापेक्षा त्या कॉफीवरच जास्त चिडलेल्या असतात.

कोर्टाने कुठे बसायचं हे कोर्ट स्वतः ठरवत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गावांची नावं कायद्यातच लिहिलेली असतात. या जिल्ह्याचं कोर्ट अमुक गावी बसेल, तमुक गावी बसेल, अशी एक साधी ओळ असते. त्या ओळीत आपलं गाव घालायचं तर काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कायदा बदलावा लागतो. एका नावासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

माणसांची नावं मात्र मी इथे लिहिणार नाही. ज्या घरात एका नावावरून वर्षभर कुणी कुणाशी सरळ बोललं नाही, त्या घरच्या सुनेने एवढं तरी शिकायला हवं.

सासूबाई आणि सासरे, म्हणजे आमचे आई-बाबा, सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आवाज अजून कालव्याच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. ग्रीन कार्डाची वर्षं भरल्यावर त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. शहरातल्या इमिग्रेशन ऑफिसात सकाळी इंटरव्ह्यू झाला, दुपारी तिथेच शपथ झाली, आणि रात्री घरी येऊन ते नेहमीसारखे आमटीभात जेवले. नंतर त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. आईंचा नंबर लागला तो त्यानंतर.

आईंनी कसून अभ्यास केला. परीक्षा घ्यायची ड्यूटी माझ्या मुलीची, आणि वर्ग स्वयंपाकघरात.

"आजी, हू मेक्स फेडरल लॉज?"

"काँग्रेस," आई कणीक मळता मळता म्हणायच्या. "आता ते मीठ दे इकडे."

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी त्यांना शहरात घेऊन गेले. शपथ झाली की वाटायला पर्समध्ये पेढ्यांचा डबा होता. तासाभराने ऑफिसर त्यांना सोडायला बाहेर आला, पास झाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं, आणि मला म्हणाला की आज शपथ होणार नाही. यांना नाव बदलायचंय, आणि नाव बदलायचा अधिकार आम्हाला नाही. ते जज करतील, शपथेच्या वेळीच. कोर्टाचं पत्र येईल.

मला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय. गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "आई, तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"त्याने विचारलं, नाव बदलायचंय का. मी येस म्हटलं."

"प्रश्न नीट कळला होता ना तुम्हाला?"

हे विचारायला नको होतं. आईंचं नाक लाल झालं. "न कळायला काय झालं? अख्खी राज्यघटना पाठ केली, मग एवढं कळणार नाही? माहेरचं नाव सांगितलं मी त्याला. स्पेलिंगसुद्धा सांगितलं." हायवेला लागल्यावर म्हणाल्या, "लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं गं. याने विचारलं."

आईंच्या लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. नवऱ्याने तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहायचं, ते सगळ्यांना सांगायचं आणि त्या दिवसापासून तीच नवरीची ओळख, ही पद्धत मलाही माहीत होती. माझ्या लग्नात ताट पुढे आलं तेव्हा नवऱ्याने हळूच विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "माझंच लिही." मला तो एक गमतीचा कार्यक्रम वाटला होता. आईंच्या वेळी तो गमतीचा नव्हता. बार्शीहून सांगलीला आलेली वीस वर्षांची मुलगी ताटाकडे बघत होती. अंगठीने पहिलं अक्षर काढलं आणि तिला कळलं की हे आपलं नाव नाही.

"नंतर ते तांदूळ परत डब्यात गेले," आई गाडीत म्हणाल्या. "मीच ओतले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात केला."

बदलण्याचं कारण साधं होतं. घरात त्याच नावाची मोठी जाऊ आधीच होती. एका स्वयंपाकघरात एका नावाच्या दोन सुना म्हणजे नुसता घोळ, म्हणून धाकटीने नाव सोडायचं. जाऊबाईंवर आईंचा राग नव्हता, उलट दोघींचं फार छान जमायचं. आईंच्या सासूबाई मोठीला हाक मारायच्या तेव्हा सुरुवातीला धाकटीच उठून जायची आणि मोठी हसायची. हळूहळू धाकटीची उठायची सवय मोडली.

"जाऊबाई जाऊन आता चार वर्षं झाली," आई म्हणाल्या. "आता घोळ व्हायचा नाही."

घरी आल्यावर ही बातमी जेवणाच्या टेबलावर सांगितली गेली, आणि माझी मुलगी "आजी, दॅट्स सो कूल" म्हणून मोकळी झाली. बाबांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"मग मी हाक काय मारायची?"

"तुम्ही तसंही अगंच म्हणता," आई म्हणाल्या.

"ते वहिनींचं नाव आहे."

हे समजायला मला थोडा वेळ लागला. मोठ्या भावाची बायको म्हणजे वहिनी, आणि वहिनींना कुणी नावाने हाक मारत नाही. बाबांनी ते नाव आयुष्यात एकदाही तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. पत्रावरसुद्धा त्यांनी सौ. वहिनी असंच लिहिलं. आणि आता बायको म्हणत होती की तेच माझं नाव.

नवरा मध्यस्थी करायला गेला. "आई, सिंपल आहे. नेम चेंज ड्रॉप करू. मग कोर्टात जायची गरजच नाही, पुढच्या महिन्यात शपथ होऊन जाईल. काय फरक पडतो आता या वयात?"

"तुला काय फरक पडतो?" आईंनी विचारलं.

आईंची एक अट मात्र होती, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. नाव परत घ्यायचं ते बाबांच्या समोर. "यांनी दिलं तेव्हा मी समोर होते. मी घेते तेव्हा यांनी समोर असावं. मागच्या मागे घेतलं तर चोरून घेतल्यासारखं होईल."

"मला तीन तास गाडीत बसता येतं का?" बाबा म्हणाले.

हे खरं होतं. ऑपरेशननंतर अर्ध्या तासावर गाडीत बसलं की ते पांढरेफटक पडायचे. पण सबब खरी असली की माणसाला किती हायसं वाटतं, हे मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. ते नाही म्हणत नव्हते. कंबर नाही म्हणत होती.

कोर्टाचं पत्र आलं, शहरातली तारीख आली. आम्ही पुढची तारीख मागितली आणि ती मिळाली, पण असं वारंवार चालणार नाही, गैरहजर राहिलात तर अर्ज निकालात निघेल, असंही त्यांनी कळवलं. नवरा रोज एकदा आईंना विचारायचा आणि रोज एकदा बाबांना विचारायचा. दोघंही त्याला चहा घेणार का म्हणून विचारायचे. एवढ्या प्रेमाच्या घरात इतका हट्ट कुठून येतो, हे मला कधी कळलं नाही. बाबा आईंच्या गोळ्या काढून ठेवत होते, आई बाबांच्या पाठीला तेल लावत होत्या, आणि त्या एका विषयावर दोघं दोन टोकांना.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगते. मी कॉलेजात खोल्या वाटते. कुठला वर्ग कुठे भरेल, कुठल्या हॉलमध्ये कुणाचं संमेलन, कुणाला प्रोजेक्टर हवा, कुणाला खुर्च्या गोल मांडून हव्यात, हे सगळं माझ्याकडे. एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं की आपल्या गावाचं नाव कायद्यात आलंय. आता फेडरल कोर्ट इथेही बसणार. इमारत व्हायची तेव्हा होईल, तोपर्यंत महिन्यातले काही दिवस आपला मोठा हॉल द्यायचा. त्यांना काय हवं-नको ते बघ.

तो हॉल माझ्या फार जवळचा. आमच्या मंडळाची दिवाळी तिथेच होते. स्टेजवर लेझीमवाल्यांनी चिकटवलेल्या टेपच्या खुणा होत्या, आणि भिंतीवर कुणाच्या तरी नाटकातला न उतरलेला चंद्र होता.

सुरक्षेचे दोन धिप्पाड अधिकारी पाहणीला आले. खिडक्या बघितल्या, कुलपं हलवून बघितली, मग एकाने विचारलं की जज कुठल्या दाराने आत येतील.

"या दाराने," मी म्हटलं.

"हे तर पब्लिकचं दार आहे. जजना वेगळं दार लागतं."

वेगळं दार एकच होतं. ते स्टेजमागच्या खोलीतून येत होतं, आणि त्या खोलीत मंडळाचं सामान होतं. गणपतीचं मखर, समया, ढोल, आणि शिवाजी महाराजांच्या नाटकातला तोफखाना. पुठ्ठ्याचाच, पण तोफखाना. अधिकाऱ्यांनी तोफांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला आणि म्हटलं, "यार, तोफा घरी घेऊन जा, फेडरल जज यायचेत." मखर तेवढं कुणाच्याच गराजमध्ये मावेना, ते बाजूला सरकवून तिथेच ठेवलं.

मग कोर्टाची क्लार्कबाई आली. उंच, केस पांढरे, पायात बूट टेक्ससचे. तिने माझ्याबरोबर सबंध दिवस काढला. ज्यूरी कुठे बसेल, साक्षीदार कुठे थांबतील, वकिलांना अशिलाशी हळू आवाजात बोलायला जागा कुठे, हे सगळं तिने शांतपणे मांडून घेतलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं तिने सांगितलं. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी तो कोर्टात आला होता, आणि पायाने अधू असलेल्या त्या माणसाला ते सांगायला तीन तास गाडी चालवत यावं लागलं होतं. "कोर्टाने लोकांच्या जवळ असावं," ती म्हणाली, "एवढंच आहे हे सगळं."

मला घरची कंबर आठवली. मी विचारलं, "इथे शपथविधी होऊ शकेल का? नागरिकत्वाचा?"

"तुझ्या ओळखीचं कुणी आहे?"

"घरात एक आहे. गावात पुष्कळ असतील."

तिने हॉलभर नजर फिरवली. म्हणाली, "आमच्या जजना शपथविधी फार आवडतो. बाकीच्या दिवशी निम्मी माणसं तरी कोर्टातून रडत जातात. विचारून बघते."

याला वशिला म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा. पण मी नियम वाकवला नाही, फक्त हॉल रिकामा ठेवला. काही आठवड्यांनी आईंसाठी कोर्टाचं पत्र आलं. शपथविधी आमच्या गावात, आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये. त्या कोर्टाचं इथलं पहिलंच बसणं.

बाबांनी पत्र माझ्याकडून घेतलं, पत्ता वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

"गाडीने किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"बघू," ते म्हणाले, आणि खोलीत जाऊन पडले.

कमरेची सबब संपली होती. त्यानंतर ते फार बोलेनात. आईही विचारेनात. त्यांनी साडी काढून ठेवली, ब्लाउज उसवून सैल केला आणि पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. माझा संयम तेवढा नाही. एका दुपारी बाबांना चहा देताना मी सरळ म्हटलं, "आईंनी तुमच्याकडे मागितलंय काय हो? नुसतं हजर राहायचंय."

ते कपात बघत राहिले. मला वाटलं चिडणार. पण म्हणाले, "ताटातलं ते नाव मी महिनाभर शोधत होतो. कुणाला विचारलं नाही. माझ्या आईला नाही, वहिनींना नाही. मला हवं होतं की मी दिलेलं असावं."

"चांगलंच आहे ते नाव, बाबा. आई कधी वाईट म्हणाल्या नाहीत."

"तेच तर. इतकी वर्षं काही म्हणालीच नाही." मग म्हणाले, "मी हाक मारली की ती यायची. मला वाटलं, झालं तिचं."

मला त्यांची इतकी माया आली की मी त्यांना डॉक्टरांनी बंद केलेलं एक बिस्किट दिलं.

शपथेच्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा बाबा कोट घालून, पाठीची उशी मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. आईंनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

हॉल भरला होता. नाटकातला चंद्र काढून तिथे कोर्टाचं गोल चिन्ह लावलेलं, बाजूला झेंडा. मेक्सिकोची माणसं होती, व्हिएतनामची होती, नायजेरियाचं एक आख्खं कुटुंब रंगीत कपड्यांत होतं. आम्ही कडेच्या रांगेत बसलो, म्हणजे बाबांना लागलं तर उभं राहता येईल. मग सगळे उठले आणि जजबाई आत आल्या, मागच्या दाराने, मखराच्या खोलीतून. त्यांच्या काळ्या झग्याच्या बाहीला सोनेरी कागदाचा एक तुकडा चिकटला होता. माझा जीव अर्धा झाला. पण त्यांना ते कळलंच नाही, आणि सबंध वेळ तो तुकडा तिथे चमकत राहिला.

त्यांनी सांगितलं की या गावात बसलेलं हे पहिलं फेडरल कोर्ट, आणि पहिलं काम आनंदाचं आहे याचा त्यांना आनंद आहे. मग ज्यांनी नाव बदलायची विनंती केली होती त्या सगळ्यांची विनंती त्यांनी मंजूर केली. एका वाक्यात. मी खोलीच्या बुकिंगला सही करते त्याहूनही कमी वेळात. मी आईंकडे बघितलं, त्या समोर बघत होत्या. बाबा उशी नीट करत होते.

सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. आता एकेकाचं नाव घेऊन पुढे बोलावणार होते. माणसं जात होती, हात मिळवत होती, फोटो काढत होती. मग जजबाईंनी कागदाकडे बघून जरा सावकाश, सांभाळून एक नाव वाचलं. उच्चार बराच जमला होता त्यांना.

कुणी उठलं नाही.

त्यांनी परत वाचलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले. मला कळेना की काय होतंय, आणि मग कळलं. आई शांत बसल्या होत्या, बाकीच्यांसारख्याच मान वळवून बघत होत्या की कोण उठतंय. ज्या नावासाठी वर्षभर अडून बसल्या, ते नाव हॉलमध्ये दोनदा पुकारलं गेलं आणि त्यांना ते आपलं वाटलंच नाही. ते ऐकून उठायची सवय त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी मोडली होती.

मी त्यांच्या दंडाला हात लावणार, तेवढ्यात बाबा कोट सावरत उभे राहिले. त्यांनी अगं म्हटलं नाही. त्यांनी ते नाव घेतलं. जे वहिनींचं होतं, जे त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी निघालं नव्हतं, ते त्यांनी कालव्यापलीकडे हाक मारावी तसं, अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घेतलं. सुरक्षेचा अधिकारी एक पाऊल पुढे आला. मी रडत होते.

आईंनी वर, बाबांकडे बघितलं.

"आले, आले," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरत उठल्या. जजबाई मान हलवून हसल्या. त्यांना वाटलं, उत्तर त्यांना दिलंय.